सात रिकामे रकाने

अर्धवट भरलेला फॉर्म दिसला की माझं डोकं फिरतं. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत छाननीच्या टेबलावर काढली. एकही रकाना रिकामा असलेला अर्ज मी पुढे जाऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तो ती सवय घेऊनच. बोर्डावर माझ्या निळ्या-काळ्या शाईतली नोटीस लागली की माणसं मान खाली घालून लिफ्टमध्ये शिरतात. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी बाजू एवढीच आहे.

तिसऱ्या मजल्यावरची क्षितिजा मानसशास्त्रात एम.ए. करते. लहानपणी ही मुलगी लिफ्टची सगळी बटणं दाबून पळून जायची, त्यामुळे हिच्याकडून माझ्या फार अपेक्षा नव्हत्या. मार्चमध्ये ती परवानगी मागायला आली. तिच्या प्रबंधाचा विषय होता, माणूस रोजचे साधे निर्णय घेतो तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय असतं.

"म्हणजे आज भाजी कुठली करायची, असलं?" मी विचारलं.

"असलंच, काका. मोठे निर्णय माणसं विचार करून घेतात, निदान तसं सांगतात तरी. छोट्या निर्णयांत खरं काय ते दिसतं."

मला हसू आलं. पण फॉर्म पाहिला आणि ते विरलं. काम नेटकं होतं. एका माणसाला एक फॉर्म, त्यात सात दिवसांच्या सात ओळी. आज घेतलेला एक निर्णय, तो कोणी घेतला, घेताना मनात काय होतं ते एका शब्दात, आणि पुन्हा संधी मिळाली तर तोच निर्णय घ्याल का. नाव कुठेच नाही, फक्त नंबर; आपला नंबर ज्याचा त्याने लक्षात ठेवायचा. भरून झालं की पाकीट चिकटवून परत. प्रत्येक फॉर्मसोबत एक काळं बॉलपेन. तळाशी बारीक अक्षरात सूचना होती: 'भावना सांगता येत नसेल तर जागा रिकामी सोडावी.' ती वाचून मात्र मी नाक मुरडलं. असली सवलत कुठल्याही फॉर्मवर देऊ नये.

पाकिटं गोळा करायच्या आठवड्यात क्षितिजा तापाने फणफणली. मीच म्हटलं, माझ्याकडे जमा होऊ देत, तू पडून राहा. ती आधी का-कू करत होती, मग काकाच तर आहेत म्हणून तिने मान डोलावली. चव्वेचाळीस पाकिटं आली. आणि मी ती उघडली.

खरं सांगतो, चोरी केल्यासारखं मला अजिबात वाटलं नाही. मी वाचत नव्हतो, तपासत होतो. पोरीचं काम अपुऱ्या फॉर्मांमुळे अडू नये एवढंच मनात होतं. आणि फॉर्म तरी काय होते! भावनेचा रकाना जागोजागी कोरा. मी मोजले, एकशे अकरा. मग माझं पेन काढलं आणि दोन दुपारी बसून ते सगळे भरले. निर्णय वाचायचा, अंदाज करायचा, लिहायचं. 'आनंद.' 'काळजी.' 'समाधान.' शेवटी गोंद लावून पाकिटं पुन्हा बंद केली.

त्यात एक पाकीट माझ्या बायकोचं, आशालताचं होतं. नंबर काही असो, चाळीस वर्षांचं ओळखीचं अक्षर. सोमवार: लेकीकडे पुण्याला जायचं रद्द केलं. मंगळवार: शिवणाच्या क्लासला नाव घालायचं राहू दिलं. बुधवार: रेडिओ बंद केला. असे सात दिवस. निर्णय कोणी घेतला, तर सातही वेळा 'मी'. आणि भावनेचा रकाना सातही दिवस रिकामा. मी जरा थांबलो, हे कबूल करतो. मग सात वेळा 'समाधान' लिहिलं.

चार दिवसांनी क्षितिजा दारात उभी राहिली. हातात एक फॉर्म. निळी-काळी शाई आमच्या सोसायटीत माझ्याशिवाय वापरतो कोण?

"काका, हे तुम्ही भरलंत?"

"मग काय तसेच देणार होतीस? कोणी घेतले असते का?" मी आवाज चढवला. आपली चूक झालीय असा नुसता संशय आला तरी माझा आवाज आधी चढतो.

तिचा चढला नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने मला समजावून सांगितलं, जसं मी बत्तीस वर्षांत खिडकीपलीकडच्या एकालाही सांगितलं नव्हतं. "काका, मला त्या रिकाम्या जागाच हव्या होत्या. माणूस निर्णय लिहितो, तो मीच घेतला म्हणतो, आणि मनात काय होतं ते लिहायची वेळ आली की त्याला शब्दच सापडत नाही. असं कुठल्या निर्णयांच्या वेळी होतं, तेच तर मी शोधतेय. कोरं सोडलं, हेच त्यांचं उत्तर आहे."

अशी किती उत्तरं मी अपूर्ण म्हणून परत पाठवली असतील, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

शाई वेगळी, त्यामुळे मी भरलेलं बाजूला काढता येत होतं. अडचण दुसरीच होती. पाकिटं उघडली गेली होती. तिच्या मार्गदर्शक, वसईच्या क्लेमेंटीन मॅडम, यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं: प्रत्येकाला खरं काय ते सांगून पुन्हा परवानगी घे, नको म्हणेल त्याचा फॉर्म परत कर. निदान तीस उरले पाहिजेत, नाहीतर प्रबंध पुढच्या सत्रात, नव्याने. इकडे एका समुपदेशन केंद्रात जूनपासून तिची नोकरी ठरलेली; पण प्रबंध वेळेत गेला तरच ते तिला घेणार होते.

"कोणाला काही सांगू नकोस," मी म्हटलं. "माझं तेवढं सोडून बाकीचं वापर. कळतंय कोणाला?"

"पाकीट मीच उघडेन, असं मी प्रत्येकाला लिहून दिलंय काका." एवढंच म्हणाली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी ती दारोदार निघाली, मी मागोमाग. पहिल्या दोन घरांत तिने सांगितलं, "चूक माझी आहे. पाकिटं मी स्वतः घ्यायला हवी होती." माझं नावसुद्धा घेतलं नाही. तिसरं दार जितेशचं. पार्किंगवरून त्याचा आणि माझा कायमचा छत्तीसचा आकडा. तिथे मला राहवलं नाही. "पाकिटं मी उघडली," मी म्हणालो. "हिचा काही दोष नाही." त्यावर जितेश जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फॉर्म मात्र त्याने राहू दिला, तिच्याकडे बघून.

पुढच्या प्रत्येक दारात मीच बोललो. काहींनी हसण्यावारी नेलं, काहींनी तोंडावर दार लावलं. चौदा जणांनी फॉर्म परत मागितले. प्रत्येकाला तिने तो दोन्ही हातांनी दिला. का म्हणून विचारलं नाही, तोंड वाकडं केलं नाही, उलट थँक्यू म्हटलं. बारा वाजून गेले तेव्हा एकोणतीस होकार झाले होते आणि एकच दार उरलं होतं, आमचं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. घरचाच तर होकार.

आशालताने हात पुसत सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्यांनी काय लिहिलं माझ्या फॉर्मवर?" तिने क्षितिजाला विचारलं आणि आपला नंबर सांगितला.

क्षितिजाने फॉर्म काढून दिला. आशालताने सात ओळी सावकाश वाचल्या.

"काकू, हा अभ्यासात ठेवू की तुम्हाला परत हवाय? नको असेल तर नाही म्हणा. कारण सांगायची गरज नाही."

मी तोंड उघडलं. अगं, एकच कमी पडतोय, पोरीची नोकरी तुझ्या एका 'हो'वर आहे, असं सांगणारच होतो. क्षितिजाने माझा दंड धरला. चांगला जोरात. आणि नाही अशी मान हलवली.

"मग परतच दे," आशालता म्हणाली. "हे मला अभ्यासात नकोय. ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगेन."

"थँक्यू, काकू," क्षितिजा म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

मी तिच्यामागे लिफ्टपर्यंत धावलो. "अगं, एक शब्द बोलली असतीस तर तिने हो म्हटलं असतं!"

"म्हणूनच नाही बोलले. काकूंनी माझ्यासाठी हो म्हटलं असतं, आणि निर्णय कोणी घेतला विचारलं तर 'मी' असं सांगितलं असतं." आता तिचे डोळे भरून आले होते. ते तिने मनगटाने पुसले. "त्यांना हा आकडा कधीच सांगायचा नाही. माझी शपथ आहे, काका. मी नोव्हेंबरला करते सबमिट, सगळं पहिल्यापासून. आणि या वेळी तुम्हीही एक फॉर्म भरा. तुमचाच राहिला होता."

लिफ्ट आली आणि ती गेली. मोठमोठ्या पदव्यांचे साहेब माझ्या टेबलासमोर येऊन गेले, पण शिकलेलं असं अंगात मुरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. आणि ही तेवीस वर्षांची, लिफ्टची बटणं दाबून पळणारी पोर! मला तिचा अभिमान वाटत होता आणि माझी लाज वाटत होती, दोन्ही एकदम. एका शब्दाच्या रकान्यात ते मावलं नसतं.

घरात आलो तर पानं वाढलेली होती. माझ्या ताटाशेजारी तो फॉर्म.

"बसा," आशालता म्हणाली. "सोमवारपासून सांगते. मध्ये बोलायचं नाही."

सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पेन काढून मी फ्रीजवर ठेवलं आणि बसलो. आमटी कधीच गार झाली. सोमवार संपायलाच दुपारचे तीन वाजले.