दाराला टेकलेली भिंत

मुळात बेबीने ट्रेलरमध्ये बसायचंच नव्हतं. गाडी चालू असताना मागे जोडलेल्या घरात कुणी बसू नये, असं माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं आणि ताईने ते मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. पण भांड्यांच्या कपाटाची कडी तुटली, वळणावळणाला बशा खाली येऊ लागल्या, तेव्हा ताईच म्हणाली, "दहा मिनिटांचा प्रश्न आहे, बेबी. मागे जा आणि कपाट धरून बस."

सत्तावन्न वर्षांची बेबी मागे गेली आणि कपाट धरून बसली.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी तिचा आवाज अजून मैदानावरच होता. दोघींनी लग्न केलं नाही, राहिल्या एकाच घरात. बेबीचं बाजारात बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं, तीस वर्षांचं. ताईने हे चाकांवरचं घर घेतलं आणि जाहीर केलं, "तीन महिने फिरायचं. जग बघायचं." घर वर्षभरासाठी भाड्याने दिलं. तीन महिन्यांना वर्षभर कशाला, असं बेबीने विचारलं होतं. ताई म्हणाली, भाडेकरू कमी मुदतीचा मिळत नाही. विषय संपला.

आणि सुरुवात खरंच छान झाली होती. एका तळ्याकाठी दोघी सकाळी दार उघडं टाकून चहा पीत बसल्या होत्या, तेव्हा ताई इतकी हसली की कप हिंदकळला. पण मग पाण्याची टाकी गळली, आठवडाभर पाऊस लागला आणि चार पावलांच्या त्या खोलीत ताईच्या सूचनांना जायला वाट उरली नाही.

आता ट्रेलर एका जुन्या गावातल्या गल्लीत शिरला. नकाशावर हा रस्ता होता. नकाशात फक्त रुंदी नव्हती. खर्रर्र असा आवाज झाला, सगळं घर कलंडल्यासारखं झालं आणि थांबलं. बेबीने दार ढकललं. दार बोटभर उघडलं आणि दगडी भिंतीला टेकलं. दुसऱ्या बाजूची खिडकी वीतभर उघडली. हात बाहेर जात होता, बेबी नाही.

"घाबरू नकोस!" बाहेरून ताई ओरडली. "मी बघते!"

ताईला ट्रेलर मागे घेता येत नव्हता. महिनाभर जिथे जिथे मागे घ्यायची वेळ आली, तिथे कुणीतरी परक्याने घेतला होता. तासाभराने मागून एक टेम्पोवाला आला, त्याने खाली वाकून पाहिलं.

"आधी गाडीपासून सोडवायला लागेल, बाई. नट गंजलाय. मोठा पान्हा आहे का?"

"बेबी, माझ्या खणात पान्हा आहे. खिडकीतून दे!"

आत उकडत होतं. बेबीने ताईचा खण उपसला. पान्हा सापडला आणि त्याखाली एक कागद. दुकानाच्या जागेच्या मालकाला लिहिलेल्या पत्राची प्रत, ताईच्या वळणदार अक्षरात. 'मी दुकान कायमचं सोडत आहे. जागा दुसऱ्या कुणाला देण्यास हरकत नाही.' खाली सही बेबीची. खरीखुरी. निघायच्या आदल्या दिवशी ताईने सात-आठ कागद पुढे सरकवले होते, "इथे, इथे आणि इथे," आणि बेबीने जन्मभर करत आली तशी न वाचता सही केली होती.

ती खाली बसली. भिंती आधीच जवळ होत्या. आता श्वासालाही जागा उरली नाही.

"सापडला का?"

"सापडला."

"मग दे ना!"

"नाही देत."

गल्लीत दोन-चार माणसं जमली होती, ती खिडकीकडे वळली. खिडकीच्या फटीशी ताईचा अर्धा चेहरा आला. "डोकं फिरलंय का तुझं? चेष्टेची वेळ आहे ही?"

बेबीने कागद फटीला लावला. "हे काय आहे, ताई?"

ताईने वाचायचं नाटकही केलं नाही. "परत गेल्यावर सांगणारच होते."

"परत कुठे? दुकान कुठाय?"

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. तू का केलंस हे?"

ताई बोलली तो आवाज मैदानावरचा नव्हता. "तू सकाळी नऊला जायचीस, रात्री आठला यायचीस. दिवसभर तुझ्याकडे बायकांची रीघ. आणि मी घरात घड्याळ बघत बसायचे. एकदा फोन वाजला म्हणून मी धावत गेले, तर तो तुझ्यासाठी होता, कुणाचा तरी ब्लाउज. मला वाटलं, तू सोबत असलीस तर..."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही म्हटलं असतं!" बेबी ओरडली. एवढ्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती; घशाला झोंबलं. तिला ताईची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. दोन्ही एकाच जागेत मावत नव्हते.

टेम्पोवाला खाकरला. "मावशी, भांडण बाहेर येऊन करा. माझा भाजीचा माल सुकतोय."

बेबीने पान्हा दिला. ताईच्या हातात नाही, त्याच्या.

पाच माणसांनी ढकलून ट्रेलर मागे घेतला. दार उघडलं तेव्हा ताईने हात पुढे केला. बेबी स्वतःच उतरली आणि आधी दुकानाच्या मालकाला फोन लावला. तो बिचारा गोंधळला. दुकान गेल्या आठवड्यातच चष्मेवाल्याला दिलं होतं, बेबीची मशीन मात्र त्याने पोटमाळ्यावर जपून ठेवली होती.

"गाडी घरी वळव," बेबी म्हणाली.

"घर भाड्याने दिलंय, बेबी."

"ठाऊक आहे. वळव."

चार दिवस परतीचा प्रवास चालला. बोलणं झालं ते 'डावीकडे' आणि 'मीठ दे' एवढंच. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत ट्रेलर लावला. बेबीने आठवड्याभरात एका लाँड्रीत खिडकीजवळची अर्धी खोली मिळवली, मशीन तिथे नेली. जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या आल्या, निम्म्या दुसरीकडे रुळल्या होत्या.

सकाळी ती निघते तेव्हा ताई पायरीवर उभी असते. "मी येऊ का? बटणं लावीन."

"आज नको," बेबी म्हणते. दर वेळी 'आज' म्हणते, हे तिच्याही लक्षात आलंय.

भाडेकरूचे अजून सात महिने बाकी आहेत. संध्याकाळी दुसरीकडे जायला जागा नाही, म्हणून बेबी ट्रेलरमध्येच परत येते. दिवा मालवला की एकीने कूस बदलायची तर दुसरीला पाय आवरावे लागतात. आणि अंधारात, काही न बोलता, ताई आपले पाय आवरून घेते.