बेटवाल्यांची उभी पाटी

आमच्या सभागृहात भांडायची रीतच वेगळी आहे. शेजारी-शेजारी देशांची ही संघटना. वर्षातून एकदा सगळ्यांचे प्रतिनिधी गोल टेबलाभोवती बसतात, पण हात वर करणं नाही की मतं मोजणं नाही. प्रत्येकापुढे देशाच्या नावाची हातभर लांब लाकडी पाटी आडवी ठेवलेली असते. ठराव मान्य नसेल त्याने ती उभी करायची. एक जरी पाटी उभी राहिली तरी ठराव अडला. का उभी केली, हे दुसऱ्या सदस्याने विचारायचं नाही. ज्याची पाटी त्याने कारण सांगावं, नाहीतर मुकाट्याने ती खाली ठेवावी. बैठक संपेपर्यंत ती खाली आली नाही, तर ठराव गेला पुढच्या वर्षावर. शेजाऱ्यांनी एकमेकांना टोचून बोलू नये म्हणून कुणा शहाण्याने ही युक्ती काढली. मी तिथली व्यवस्था बघते. पाट्या, पाणी, कानातली यंत्रं, पडदे, सगळं माझ्याकडे. फक्त बैठकीत तोंड उघडायचं नाही, आणि नेमकं तेच मला जमत नाही.

त्या दिवशी तर माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्या सीमेवरच्या नदीच्या पुलावरून प्रवासी बस सुरू करायचा ठराव होता. पूल कधीचाच झालेला, पण त्यावरून जायचे ते मालाचे ट्रक. म्हणजे बटाट्यांना परवानगी, माणसांना नाही! माझी ताई नदीपलीकडे दिलेली. तिला यायचं तर तिसऱ्याच देशातून विमानाने वळसा घालून यावं लागे, आणि तेवढी ऐपत ना तिची ना माझी. आईने तिला सात वर्षांत पाहिलं नव्हतं. फोनवर ताई दिसली की आई माझ्यावर डाफरायची, "काच पूस आधी, नीट दिसत नाही." काच स्वच्छच असायची हो.

तर आमचे साहेब आणि पलीकडचे साहेब. एरवी या दोघांचं पाण्याच्या तापमानावरही एकमत होत नाही. पण बसवर झालं! दोन्ही पाट्या आडव्याच. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग सगळ्यांना मान्य समजू?" मी मनातल्या मनात ताईची बॅगसुद्धा भरली. आणि तेवढ्यात खिडकीसमोर बसलेल्या बेटवाल्यांनी आपली पाटी उचलली आणि टेबलावर सरळ उभी केली.

बेटवाले म्हणजे त्याच वर्षी संघटनेत आलेला देश. चहूबाजूंनी समुद्र. प्रतिनिधी म्हणजे एक गोलमटोल आजोबा, सकाळी आल्याआल्या माझ्याशीही हात मिळवून बोललेले. आता पाटीमागे बसून ते मजेत हसत होते. मला तर संतापाने काही सुचेना. आमच्या दाराशी बस आली तर यांच्या पोटात का दुखावं?

विचारायची सोय नाही. मग कुजबुज सुरू झाली. आमचे साहेब पुटपुटले, "यांना कुणी फूस लावली ते कळतंय आम्हाला." पलीकडचे साहेब म्हणाले, "चोराच्या उलट्या बोंबा!" झालं, दोघांचेही हात आपापल्या पाटीकडे जायला लागले. अध्यक्षबाई घड्याळ बघत होत्या. आजोबा हसतच होते.

मग मात्र माझा तोल सुटला. पाण्याचा जग तसाच हातात घेऊन मी तरातरा त्यांच्यापुढे गेले. "अहो आजोबा, तुमच्याकडे काय समुद्रातून बस जाणार आहे? नाही ना? मग आमच्या बसला आडवे का येता? सात वर्षं माझी आई लेकीची वाट बघतेय, आणि तुम्ही हसताय!"

अनुवादक पोरगी इतकी चोख, की तिने हेसुद्धा जसंच्या तसं त्यांच्या कानात घातलं. आजोबांचं हसू मावळलं. त्यांनी घाबरून पाटीमागून डोकं बाहेर काढलं आणि लगेच डोळे मिटले. पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडली होती.

"मी कुठे आडवा आलोय?" ते म्हणाले. "डोळ्यात ऊन जातंय हो! नियम सांगितला होता सकाळी, पण डोळे दिपल्यावर कुठला आठवतोय! बस हवीच की. मला फार आनंद झाला होता, म्हणून तर हसत होतो." आणि त्यांनी घाईघाईने पाटी आडवी केली.

पडदे कुणाकडे? माझ्याकडे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी धावत जाऊन पडदा ओढला. मागून कुणीतरी म्हणालं, "कर्मचाऱ्याने बैठकीत बोलायचं नसतं." अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांना मी नंतर रागावेन. पण हरकतीचं कारण सदस्याने विचारायचं नाही, एवढाच नियम आहे. बाई सदस्य नाहीत." आधी पलीकडचे साहेब हसले, मग आमचे, मग सगळेच. ठराव मंजूर झाला. नंतर मला चांगलं झाडलंही, पण ते माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही.

पहिल्याच बसने ताई आली. थांब्यावर आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "किती गं वाळलीस!" ताई चांगली दीडपट झाली होती. आम्ही तिघी रडलो, हसलो, पुन्हा रडलो. आठवडाभर घर नुसतं गजबजून गेलं होतं.

ताईच्या जायच्या सकाळी बघते तो आईचीही पिशवी दाराशी. "मी पण जाते हिच्याबरोबर," आई म्हणाली. "हिचं घर मी कुठे पाहिलंय?" भांडले मी, बोलणी खाल्ली मी, आणि आई चालली ताईकडे! थांब्यापर्यंत मी फुगूनच होते. आई खिडकीजवळ बसली आणि मला रडू आवरेना.

आईने खिडकीतून हात काढून माझ्या गालावर टपली मारली. "वेडी का गं तू? रडतेस काय! शनिवारी ये ना तू पण. बस आहे आता."