सोमवारच्या सह्या

"सर, तुमच्या प्रोमोतल्या लखलखाटानं कुणी पडलं, तर चूक टीव्हीची की पडणाऱ्याची?"

लांबी आणि चिमणी या मैत्रिणींनी पैज लावली होती की, ठकीची दातखीळ बसेल, ती विचारायचीच नाही. ठकीनं विचारलं, तेही शाळेच्या भेटीत, अख्ख्या नववीसमोर, टीव्ही चॅनलच्या कचेरीत, खणखणीत आवाजात. वर्गाच्या मॅडमनी डोळे वटारले. त्यांचे डोळे असेही वटारलेलेच असायचे, म्हणून ठकीनं ते मनावर घेतलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी चिमणीच्या घरी टीव्हीवर नाचाच्या स्पर्धेचा प्रोमो लागला होता. वीस सेकंदांचा. लाल, पांढरा, लाल, पांढरा. त्यानंतरचं ठकीला आठवत होतं ते एकदम छताचा पंखा आणि चावलेल्या जिभेचं रक्त. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, ही फिट आहे, काहींना लखलखाटानं येते. आईनं शाळेत कळवलं, उपाशीपोटी गेली होती, चक्कर आली. आणि बाबांनी घरच्या टीव्हीवर चादर घातली. बाबा याच चॅनलमध्ये तपासनीस होते, दुपारच्या पाळीला.

चॅनलचे साहेब गोड हसले. "बाळ, आमच्याकडे असं होत नाही. सेकंदाला तीनच्या वर फ्लॅश झाले की मशीन अडवतं. प्रत्येक फाइल मशीनमधून जाते, तपासनीस या फॉर्मवर सही करतो, मगच ती टीव्हीवर दिसते." त्यांनी ऐटीत फॉर्मचं बाड उघडलं.

वरच्या फॉर्मवर कार्यक्रमाचं नाव नव्हतं. तारीख नव्हती. निकालाचा रकाना कोरा. खाली मात्र झोकदार सही, विंचवाच्या नांगीसारखं शेपूट वर वळवलेली. खालचा फॉर्मही तसाच.

ती सही ठकीच्या प्रगतिपुस्तकात बालवाडीपासून होती.

"अगं, ही तर तुझ्या..." चिमणीनं तोंड उघडलं. ठकीनं तिच्या पायावर पाय दिला.

"हे भरायचे राहिलेत," म्हणत साहेबांनी बाड मिटलं.

ती घरी पोहोचली तेव्हा बाबा कामावर निघण्याआधी जेवत होते. आई त्यांचा डबा भरत होती. ठकीनं दप्तरही उतरवलं नाही.

"बाबा, कोऱ्या फॉर्मवर सह्या कधी करता?"

बाबांचा घास हातातच राहिला. "कुणी दाखवले तुला?"

"म्हणजे करता."

"सोमवारी. आठवड्याचा गठ्ठा एकदम." बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "ठके, कार्यक्रम आठ दिवस आधी येतात, ते मी डोळ्यांत तेल घालून तपासतो. प्रोमो येतो पाच मिनिटं आधी. मशीनला रांग असते. वरून फोन येतो, सही आहे ना, मग सोडा. सगळेच असं करतात."

"मी पडले तो प्रोमो?"

"नंतर घातला मशीनमध्ये." ते पाणी प्यायले. "सेकंदाला नऊ."

"मग बंद केला?"

"रविवारी अंतिम फेरी आहे. तोवर चालणार."

ठकीचं डोकं तापलं. नऊ. माणसाला आकडा माहीत, आणि माणूस आमटीत भात कालवतोय.

"म्हणजे आपल्या टीव्हीवर चादर आणि बाकीच्यांच्या टीव्हीवर तुमची सही."

"तोंड सांभाळ," आई म्हणाली. "त्यांची नोकरी जाईल, कळतंय का? आणि चक्कर होती ती. उपाशीपोटी..."

"आई, चिमणीच्या घरी मी दोनदा वाढून घेतलं होतं. तिसऱ्यांदा घेणार होते, तेवढ्यात पडले."

"हळू बोल. शेजारी ऐकतील. पोरीला फिट येते म्हटल्यावर लोक..."

"लोक काय करतील? माझ्यावरही चादर घालतील?"

आईच्या हातातलं डब्याचं झाकण काही केल्या बसेना. ठकी टीव्हीपाशी गेली, चादर ओढली आणि तिची चार टोकं जुळवून नीट घडी घातली.

"मी तक्रार देणार आहे," ती म्हणाली. "उद्याच, रविवारच्या आत. चॅनलला आणि त्यांच्या वरच्या मंडळालाही. चक्कर नाही, फिट लिहिणार. नऊचा आकडा लिहिणार. सोमवारचा गठ्ठाही लिहिणार."

"माझं नाव?" बाबांनी विचारलं.

"सही बघून मी ओळखलं, तर तेही ओळखतील." तिनं आता दप्तर उतरवलं. "मी लहान आहे, म्हणून अर्जावर पालकांची सही लागेल. तर आधी मी तो पूर्ण भरणार, मग तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि मग सही करायची. नाही केलीत, तर आईकडे देईन. तिनंही नाही केली, तर बिनसहीचा देईन. पण देणार."