टाच टेकली की पुन्हा

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. मित्रांनो, माझा जन्म मागावर झाला. साताऱ्याच्या शैलजाताईंनी मला लेकाच्या बॅगेत घातले. "चंदीगडला थंडी फार. निमिषला ऊब होईल," असे त्या म्हणाल्या. मला किती अभिमान वाटला!

चंदीगडजवळच्या खरड गावातल्या भाड्याच्या खोलीत माझी चौघडी घालून मला फरशीवर अंथरले गेले. निमिषला सैन्यात अधिकारी व्हायचे होते, त्याच्याच शिकवणीसाठी तो इथे आला होता. त्याच्या वडिलांना, अण्णांना, त्याहून घाई होती. ते शाळेत व्यायाम शिकवत. रोज सकाळी भिंतीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये त्यांचा चेहरा उगवे.

निमिष माझ्यावर बसे. पाय अधांतरी धरी, पाठ मागे झुकवी, हात जुळवून कंबरेतून वळे. डावीकडे. उजवीकडे. सारा भार माकडहाडावर. डावीकडे. उजवी

"टाच टेकली! पहिल्यापासून."

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. माझा जन्म माग

"टेकली! पुन्हा."

मी एक जुनी. माझी वीण जाड आहे, खरखरीत आहे. कातडे सोलायला तिला वेळ लागत नाही. एके सकाळी माझ्यावरचा मोर लाल झाला.

"अण्णा, खाली जखम झालीय. बसवत नाही."

"मग उभा राहून रड. तिकडची पोरं बघ, लोखंड आहेत लोखंड!"

खोलीतला दुसरा मुलगा, नागपूरचा कैवल्य, पुढे झाला. "काका, पक्की पिकली आहे जी. सेक्टर बत्तीसच्या दवाखान्यात दाखवून आणतो ना."

"तू डॉक्टर आहेस? बस तिथं. टाच टेकली की ओरडायचं."

मोबाइलमध्ये अण्णांच्या मागून शैलजाताईंचा आवाज आला, "चादर धुतोस ना रे?"

कैवल्य बसला. थोड्या वेळाने ओरडलाही.

जखमेचे गळू झाले. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी निमिषला पालथे झोपवले, पाहिले आणि नापास केले. गळू कापल्यावर तो खोलीत पालथाच पडून होता. मोबाइल वाजला.

"चादर कुठाय? धुऊन पार्सल कर. देवयानीला लागेल. पोरीचं अंग हलकं आहे, तुझ्यासारखं नाही."

देवयानी त्याची धाकटी बहीण. दहावीत आहे.

निमिष उशीत तोंड खुपसून म्हणाला, "बरं, अण्णा."

आता मी खोक्यात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असे तुम्हाला शिकवले असेल. मला जपू नका. हे पार्सल हाती लागले तर मला टराटरा फाडा. फरशी पुसा, स्कूटर पुसा. पण साताऱ्याला पोचवू नका. तिथे अण्णा मोबाइलमध्ये नसतात.