नागोरावांच्या घरचा रस्सा

आमच्या बेला गावात नवसाचं बकरू कुणाचंही असो, रस्सा मीच करायचा, असा जणू सरकारी हुकूमच आहे. एरवी मटणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर चढला की पुरुष बायांना बाजूला सारतात. माझे सासरे नागोराव, आमचे मामाजी, यांच्या घरचा रस्सा मात्र सुनेच्याच हातचा लागतो. आधी सासूबाई करायच्या, बयनाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचे गुडघे गेले आणि चूल माझ्या गळ्यात आली.

नवरा, रविकांत, आदिलाबादला दुकानात कामाला आहे. मी यायची म्हणून त्याने खोलीही घेऊन ठेवलीय. लग्न होऊन दोन वर्षं होत आली तरी मी इथेच. पोळा झाला की जा, असं सांगितलं होतं. मग कुणाचा नवस फिटला, मग कुणाचा मुलगा पोलिसात लागला. दर जेवणानंतर मामाजी मिशीवरून हात फिरवतात आणि पुढचं जेवण कबूल करून बसतात. मला कोण विचारतो? रविकांत फोनवर म्हणतो, एवढं एक होऊ दे. तोही शेवटी त्यांचाच मुलगा.

परवा गावातल्या पंढरीभाऊंच्या शेतात जेवण होतं. अख्खं गाव आणि वर सीमेपलीकडचे, महाराष्ट्रातले पाहुणे. धगीने माझं तोंड भाजत होतं, तेवढ्यात मामाजी सांगून गेले की दिवाळीनंतर गुडीहत्नूरच्या व्याह्यांकडचा रस्साही आपणच करायचा. ‘आपणच’ म्हणे. माझं डोकंच फिरलं. ठरवलं, आज कुणाला तोंडात घास धरवणार नाही असा रस्सा करायचा. एकदा नाव गेलं की मी सुटले. लवंगी मिरचीच्या तिखटाचा डबा मी गंजात उपडा केला आणि तळापासून ढवळलं. तिखटाच्या धुराची अशी खाट उठली की भाकरी थापणाऱ्या बाया खोकत पळाल्या. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

पंगत बसली. पहिला घास सगळ्यांच्या तोंडात गेला. नाकं वाहायला लागली, कान लाल झाले. मी शिव्यांची वाट पाहत उभी राहिले. पंढरीभाऊंनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, डोळे पुसले आणि वाटी पुढे करून आणखी तर्री मागितली. मग सगळ्यांच्याच वाट्या पुढे आल्या. भाकरी पुरेनात. असा रस्सा उभ्या जन्मात खाल्ला नाही म्हणत पाहुण्यांनी त्यांच्या जत्रेतलं जेवण तिथल्या तिथे ठरवलं, आणि मामाजी हो म्हणाले.

मी चुलीमागे जाऊन रडले. कुणाला वाटलं असेल, तिखट लागलं. आत्याबाई गुडघे धरत आल्या, शेजारी टेकल्या. रिकामा डबा त्यांना दिसला. आता माझी काही खैर नाही, असं मला वाटलं.

“किती टाकलं व?”

“सारंच.”

 त्या माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “म्याबी असंच केलं होतं, पोरी. पयल्या बाळंतपणाले माहेरी जाऊ देत नव्हते मनून. तवापासूनच तं आपल्या घरचा रस्सा नावाजला.”