क्षमेची रांग

ईस्टरआधीचा मोठा उपास लागायच्या आदल्या रविवारी संध्याकाळी अख्खं गाव एकमेकांची क्षमा मागतं. नेवेनाच्या मते त्या एका संध्याकाळी जेवढं खोटं बोललं जातं तेवढं निवडणुकीतही बोललं जात नसेल. तरी या वर्षी ती दुपारपासूनच वेणी घालून तयार होती, कारण या वर्षी रुमेन येणार होता.

रुमेन म्हणजे तिचा बाप. ती लहान असताना, ऐन जानेवारीत, तो पुलापलीकडच्या स्वेतलाकडे राहायला गेला. गेला तो गेला, वर स्वयंपाकघरातली नवी लोखंडी शेगडी गाडीवर चढवून घेऊन गेला. "मीच आणली होती," एवढंच म्हणाला. त्या हिवाळ्यात नेवेना आणि तिची आई दोनका कोट घालून झोपायच्या आणि सकाळी बादलीतल्या पाण्यावरचा बर्फ पळीनं फोडायच्या. बाप गेला हे शाळेत सांगता यायचं. हल्ली काय, निम्म्या वर्गाचे बाप जर्मनीत नाहीतर दुसऱ्या बाईकडे! पण शेगडी नेली हे सांगायला जीभ वळायची नाही.

आता स्वेतलाला चर्चमध्ये रीतसर लग्न करायचं होतं आणि फादर मेतोदींनी रुमेनला बजावलं होतं, "आधी क्षमेच्या रांगेत उभा राहा, मग माझ्या दारात ये."

नेवेनानं फादरना शाळेच्या धर्माच्या तासाला गाठलंच होतं.

"फादर, ज्यानं मागितलीच नाही त्यालाही क्षमा करायची?"

"क्रुसाखाली उभ्या असलेल्यांपैकी कुणी मागितली होती गं? खिळे ठोकणाऱ्यांनी? तरी प्रभूनं केलीच ना?"

"ते देवाचे पुत्र होते, फादर. मी दोनकाची मुलगी आहे!"

वर्ग खिदळला. फादरही हसले आणि त्यांनी पुस्तकाचं पुढचं पान उघडलं.

नेवेनाला फार काही नको होतं. बापानं एकदा, फक्त एकदा, तोंडानं म्हणावं: शेगडी नेली, चुकलं. मग ती क्षमा करणार होती. अगदी मनापासून, पूर्ण. तिनं ठरवूनच टाकलं होतं.

प्रार्थना संपली आणि रांग लागली. पहिला माणूस फादरपुढे वाकतो आणि त्यांच्या शेजारी उभा राहतो, दुसरा त्या दोघांपुढे वाकतो आणि तिसरा होतो. असं करत रांग भिंतीला वळसा घालते आणि गावातला प्रत्येक जण प्रत्येकासमोर येतो. कुणालाच टाळता येत नाही. एकानं म्हणायचं, "मला क्षमा कर." दुसऱ्यानं म्हणायचं, "देव क्षमा करो, मीही केली." मग उलट. मग गालाला गाल. नेवेना लवकर घुसली, म्हणजे बापाला तिच्यापुढे यावंच लागेल. तिच्या पलीकडे आई उभी होती.

"स्तोयांका, क्षमा कर हो मला," म्हातारी पेना शेजारणीला म्हणत होती. "पण तुझी कोंबडी परत माझ्या वाफ्यात दिसली तर सूप करीन!"

"देव क्षमा करो, मीही केली. आणि कुंपण घाल की, चिकटे!"

तेवढ्यात रुमेन आला. नवा कोट, दाढी गुळगुळीत. तो वाकला. "क्षमा कर, पोरी." आणि त्याची नजर पुढे सरकलीसुद्धा.

"कशाबद्दल?" नेवेनानं विचारलं.

त्यानं मान वर केली. "असं विचारत नसतात."

"मी विचारतेय."

"सगळ्याबद्दल गं."

"सगळं नको. एकच सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, सरका पुढं, घरी चीज भरलेली बानित्सा गार होतेय!" रुमेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो चिडला नाही. तेच तर वाईट झालं. तो खरंच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारखा, तो आपला गुन्हा शोधत होता, आणि नेवेना श्वास रोखून बघत होती.

"तुझ्या नावाच्या सणाला," शेवटी तो म्हणाला, "फोन राहिला. तोच ना?"

त्याला आठवतच नव्हतं. तो लपवत नव्हता, टाळत नव्हता. त्याच्या डोक्यात ती शेगडी कुठे नव्हतीच. ती फक्त मायलेकींच्या घरात होती, नसलेली.

"देव क्षमा करो," नेवेना म्हणाली. आणि थांबली.

तिला वाटलं, आता तरी तो पुढचे शब्द मागेल. पण रुमेननं सुटका झाल्यासारखा तिच्या गालाला गाल लावला, उलट क्षमा मागून घ्यायचंही विसरला आणि सरकला. दोनकापुढे वाकला.

"देव क्षमा करो, मीही केली," आई म्हणाली. स्वच्छ, खणखणीत, एकही शब्द न गाळता.

घरी जाताना दोघी पुलापर्यंत आल्या. तिथं नेवेना एकदम फुटली. "खरंच केलीस?"

"नाही."

"मग? देवाच्या घरात खोटं बोललीस?"

"देवाला मी रोज सांगते की मला जमत नाही. त्याला ठाऊक आहे. रुमेनला कशाला कळू द्यायचं? त्याला वाटेल, अजून ह्यांच्या घरात मी आहे."

घरी शेवटची उकडलेली अंडी आणि चीज होतं, उद्यापासून उपासात सगळं बंद. दोनकानं मेणबत्ती लावली आणि दोघी रोजची प्रार्थना म्हणू लागल्या. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी, त्याच मापानं, तू आम्हाला कर, ही ओळ जवळ आली. इतकी वर्षं नेवेना ती घडाघडा म्हणत आली होती. आज कुणीतरी वाचायला कागद पुढे करावा आणि खाली सही मागावी, तशी ती तिच्यासमोर आली. तिचे ओठ मिटले.

आई एकटीच ओळ म्हणाली, जराही न अडखळता. मग डोळे न उघडता तिनं टेबलाखालून नेवेनाचा गुडघा दाबला. "म्हण," ती पुटपुटली. "नाहीतर आपल्याला मिळायची क्षमाही राहील."

नेवेनानं म्हटलं नाही. समोरचं अंडं सोललं आणि मीठ न लावताच खाल्लं.