तिसरं ताट

निवेदिता माणसांच्या दुःखावर पीएच.डी. करत होती, आणि तिच्या स्वतःच्या घरात दुःखाचं नाव काढायची सोय नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कसा असतो?

भिवंडीतल्या फ्लॅटमध्ये आता दोघीच उरल्या होत्या, ती आणि तिची आई प्रमोदिनीबाई. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, वडील जाऊन कित्येक वर्षं झालेली. निवेदिताचा मोठा भाऊ सुश्रुत दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर होता. गेल्या दिवाळीच्या आधी ड्युटीवर असताना खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. बातमी कळताच मावश्या, आत्या, शाळेतल्या जुन्या बाई सगळ्या यायला निघाल्या होत्या. निवेदितानं सगळ्यांना फोनवर निरोप धाडला, की आईला त्रास होईल, कृपा करून कुणी भेटायला येऊ नका. शिकलेली मुलगी, त्यात मानसशास्त्र घेतलेली, तिच्यापुढे कोण बोलणार? कुणी आलं नाही. त्यामुळे दुखवटा काढायचाही राहिला. एरवी जवळची माणसं येतात, घरच्यांना दोन घास भरवतात, नवं वस्त्र देतात आणि त्या घराला पुन्हा माणसांत आणतात. यांना कुणी आणलंच नाही.

मग आई विसरायला लागली. दूध उतू जायचं, नळ वाहत राहायचा. आणि रोज जेवायला बसताना ती तीन ताटं मांडायची. निवेदिता काही न बोलता तिसरं ताट उचलून परत ठेवून द्यायची. बोललं तर आईला लागेल, असं तिला वाटायचं. एकदा तिनं धीर करून आपल्या संशोधनातली स्मरणाची चाचणी आईलाच दिली. साधे साधे शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळानं विचारले. वर्गातल्या साऱ्या पोरांची नावं पाठ असणाऱ्या बाईंना जेमतेम तीन आठवले.  भाऊ गेला, आता आईही डोळ्यांदेखत हातची चालली. निवेदितानं ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि तेही आईला सांगितलं नाही.

संशोधन चाललं होतं जवळच्या वडपे गावात. ज्यांचं माणूस नुकतंच गेलंय अशा बायकांना ते कसं गेलं हे सांगायला लावायचं, आणि मग शब्दांची चाचणी घ्यायची. निम्म्या बायकांशी ऐकताना आपुलकीनं बोलायचं, निम्म्यांसमोर अगदी गप्प बसायचं, चेहराही हलू द्यायचा नाही. समोरच्यानं धीर दिला तर डोकं जास्त चालतं का, हे बघायचं होतं. कुणाच्या वाट्याला काय, ते चिठ्ठी टाकून ठरे. खरं सांगायचं तर निवेदिताला गप्प बसायची चिठ्ठी निघाली की बरं वाटायचं. आपुलकीचं बोलताना तिची जीभ अडखळायची. मिठाची गुळणी धरून बसण्यात मात्र तिचा हात कुणी धरू शकलं नसतं.

पुतळाबाईंच्या नावाची चिठ्ठी गप्प बसायचीच निघाली. त्यांचे यजमान केसरीनाथ उन्हाळ्यात वारले होते. शेतं गोदामांखाली गेलेली, दारात मोठी गाडी, आणि बाई आपल्या ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसलेल्या. त्या सांगायला लागल्या. नवरा शेवटी पेज मागत होता, आणि डॉक्टरांनी मना केलं म्हणून त्यांनी ती दिली नव्हती. सांगता सांगता रडल्या, डोळे पुसले, समोर बघितलं. निवेदिता दगडासारखी बसून होती. पुतळाबाई रागावल्या नाहीत. सोललेले वाल बाजूला सारून त्या जवळ सरकल्या. मयताच्या घरी येऊन जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिच्याच घरातलं कुणी गेलेलं असतं, अशी त्यांची आपली समजूत.

"तुजा कोन गेला गो, पोरी?"

नियम असा की उत्तर द्यायचं नाही. निवेदितानं दिलं नाही. पण तिची हनुवटी थरथरली, आणि शब्द वाचून दाखवताना मधलेच दोन-तीन तिनं गाळले. घरी येताना ती स्वतःवर चरफडत होती, की एका म्हातारीनं आपली मुलाखत वाया घालवली.

दोन दिवसांनी पुतळाबाईंच्या नातीचा, क्षितिजाचा फोन आला. आजीला काहीतरी द्यायचंय, पत्ता सांगा, घरी कोण कोण असतं तेही सांगा. निवेदिताला वाटलं वाल असतील, घरी आई आणि मी दोघीच, असं सांगून तिनं पत्ता देऊन टाकला.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात पुतळाबाई, हातात पिशवी आणि डबा. मागे क्षितिजा घडी न मोडलेल्या दोन साड्या घेऊन उभी. निवेदिताचं तोंडच उतरलं. आई आजारी आहे, नंतर या, असं काहीबाही ती पुटपुटली. पुतळाबाई ऐकतायत थोड्याच! त्या चपला काढून थेट आत गेल्या.

आत प्रमोदिनीबाई जेवणाची ताटं मांडत होत्या. पाहुण्या बाईला बघून त्या गोंधळल्या, पण घरी आलेल्याला पाणी द्यायची सवय सुटलेली नव्हती. पुतळाबाई पाणी प्यायल्या, खाली बसल्या, डबा उघडला. तुम्ही मासळी खाता की न्हाय ठाऊक नव्हतं म्हणून वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या, म्हणाल्या. मग त्यांची नजर ताटांवर गेली. निवेदितानं सवयीनं तिसरं ताट उचलायला हात पुढे केला होता. पुतळाबाईंनी तो हात धरला.

"बाय, ह्यो ताट कोनाचा?"

 निवेदितानं आईकडे बघितलं, आता आई कोसळणार असं तिला वाटलं.

"माझ्या सुश्रुतचं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

आणि मग त्या बोलायलाच लागल्या. पहिली भाकरी तो उभ्यानंच खायचा, तव्यावरून उचलून. पहिल्या पगारातून त्यानं आईसाठी कोणत्या रंगाचं पातळ आणलं, दुकानदाराशी किती वेळ हुज्जत घातली, त्या शेवटच्या सकाळी बिरडं करायला सांगून तो कामाला कसा गेला, निळा शर्ट, वरचं बटण तुटलेलं, ते लावायचं राहिलं. एकही गोष्ट मागेपुढे होत नव्हती. पुतळाबाई नुसतं "मंग?" म्हणत होत्या. तीन शब्दांवर अडलेली हीच ती बाई का, असं निवेदिताला वाटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

पुतळाबाईंनी बिरड्याचा घास प्रमोदिनीबाईंना भरवला, दुसरा निवेदिताच्या तोंडाशी नेला. 

"आई, मला वाटलं तू विसरलीस," ती कशीबशी म्हणाली. "रोज तीन ताटं..."

प्रमोदिनीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. लेकीकडे त्यांनी बघितलं, त्या नजरेत राग नव्हता, नुसता थकवा होता.

"दूध विसरते गं मी, नळ विसरते. ताट नाही विसरत. तू एकदा तरी विचारशील, हे कुणाचं म्हणून, यासाठी मांडत होते. तू रोज उचलून ठेवायचीस."

निवेदिता रडली. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि पुतळाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून, ज्यांच्यासमोर चेहरा हलू द्यायचा नव्हता त्यांच्याच. क्षितिजा दारातच साड्या कवटाळून उभी होती.

पुतळाबाईंची मुलाखत अभ्यासातून काढून टाकावी लागली. गाईड बरंच बोलले, आणि निवेदितानं ते ऐकून घेतलं. ठाण्याच्या डॉक्टरांची वेळ तिनं रद्द केली नाही, पण आता आईला सांगूनच ठेवली.

त्याच रविवारी संध्याकाळी प्रमोदिनीबाईंनी दोन ताटं मांडली आणि तिसऱ्याला हात लावून थांबल्या. निवेदितानं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि मध्ये मांडलं.

"ते पातळ कुठल्या रंगाचं होतं म्हणालीस?" तिनं विचारलं.